जुन्या बाजारातील यंत्र आणि कोल्हापूरचा कॅमेरा

पनवेल : बंद पडलेला डीव्हीडी रायटर आज भंगारात किलोच्या भावाने जातो. पनवेलसारख्या शहरात भंगाराच्या कोणत्याही दुकानात जुन्या संगणकांच्या ढिगाऱ्यात असे दोन-चार रायटर सहज सापडतात. चार बारीक स्क्रू काढले की आतली सरकती पेटी दिसते आणि तिच्यात हरभऱ्याच्या दाण्याहून लहान असा लेसर डायोड बसवलेला असतो. कालपरवापर्यंत हाच डायोड तबकडीवरचा चित्रपट वाचून घराघरांत दाखवत होता. विद्युत अभियांत्रिकी शिकणारी हौशी मुले तो अलगद सोडवतात, त्याला भिंग जोडतात आणि घरच्या घरी लेसर तयार करतात. चित्रपट दाखवणारे यंत्र उघडायचे आणि त्याच्या पोटातून स्वतःचे नवे यंत्र घडवायचे, हा खटाटोप महाराष्ट्राला मुळीच नवा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी तो केला आणि त्यातून मराठी चित्रपटसृष्टीचा एक पाया घातला गेला.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कसबी कारागीर होते. लाकूड, धातू आणि रंग या तिन्ही माध्यमांत हात चालवणे या घराण्यात ओघानेच आले होते. बाबूरावांनी चित्रकला किंवा शिल्पकलेचे रीतसर शिक्षण घेतले नाही. जे साधले ते पाहून, करून आणि चुकून साधले. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव हे त्यांचे जोडीदार. संगीत नाटकांच्या त्या वैभवकाळात नाटक मंडळ्यांना रंगवलेले भव्य पडदे लागत. राजवाडे, अरण्ये, नगरे असे देखावे या दोघांनी इतके जिवंत उभे केले की पश्चिम भारतातील नाटक मंडळ्यांत त्यांचे नाव झाले. मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि पेंटर हेच आडनाव रूढ झाले.

दाखवणारे यंत्र, टिपणारे यंत्र

३ मे १९१३ रोजी मुंबईत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. रंगवलेल्या पडद्यापुढे माणसे हलवणाऱ्या या दोन भावांना पडद्यावरच माणसे हलताना दिसली. आपणही चित्रपट काढायचा, हा ध्यास त्यांनी घेतला. मात्र फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र मिळवले होते. कोल्हापूरच्या या कलावंतांपाशी तेवढे पाठबळ नव्हते. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक वापरलेला प्रोजेक्टर विकत घेतला आणि चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय सुरू केला. त्यातून चार पैसे मिळावेत आणि यंत्राची ओळखही व्हावी, असा तो बेत होता.

प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही एकाच कुळातली यंत्रे आहेत. दोहोंत पस्तीस मिलिमीटर रुंदीची फिल्म पुढे सरकते. तिच्या कडांना असलेल्या छिद्रांत दाते अडकतात आणि प्रत्येक चित्रासाठी फिल्म चार छिद्रांइतकी, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर ओढली जाते. ओढल्यावर ती क्षणभर पूर्णपणे थांबली पाहिजे. ती सरकत असताना फिरती पडदी आड येऊन उजेड अडवते. मूकपटांच्या काळात हाताने दांडा फिरवून हे काम सेकंदाला सोळाच्या आसपास वेळा साधावे लागे. फरक उजेडाच्या दिशेत आहे. प्रोजेक्टरमधून उजेड बाहेर जातो, कॅमेऱ्यात तो बाहेरून आत येतो.

कागदावर हा फरक लहान दिसतो, पण कारागिराची खरी परीक्षा तिथेच असते. प्रोजेक्टरमध्ये फिल्म किंचित हलली तर त्या खेळापुरते चित्र थरथरते. कॅमेऱ्यात ती हलली तर ते चित्र कायमचे बिघडते. पेटीला केसाएवढी फट राहिली तरी आत शिरलेला उजेड दिवसभराचे काम काळवंडून टाकतो. आजच्या लेसर बनवणाऱ्यालाही असाच धडा मिळतो. डायोड सोडवणे हे अर्धेच काम असते. त्यातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहावर मर्यादा घालणारे मंडल नसेल, तर डायोड क्षणार्धात निकामी होतो. भिंग नीट बसले नाही, तर किरण सरळ न जाता फाकतो. भंगारातून सुटा भाग मिळतो. त्याला लागणारी शिस्त मात्र स्वतःच निर्माण करावी लागते.

अर्ध्यावर सुटलेली साथ

आनंदरावांनी कॅमेऱ्याची जुळणी सुरू केली. पण यंत्र पुरे होण्याआधीच १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले. बाबूराव तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते. ज्याच्यासह पडदे रंगवले, व्यवसाय केला आणि चित्रपटाचे स्वप्न पाहिले, तो सहकारी अर्ध्या जुळलेल्या यंत्रापाशी सोडून गेला. नाटकांच्या पडद्यांचे काम हाताशी होते, त्यात नाव होते. या टप्प्यावर कॅमेऱ्याचा नाद सोडून दिला असता, तरी बाबूरावांना कोणी बोल लावला नसता.

त्यांनी तो सोडला नाही. विष्णुपंत दामले हा शिष्य सोबत होता. दामल्यांचा हात यंत्रात चांगला चाले. गुरू-शिष्यांनी मिळून अपुरे काम पुढे नेले आणि १९१८ मध्ये चालता कॅमेरा उभा राहिला. परदेशातून आणलेल्या कॅमेऱ्यावर भारतीय चित्रपट निघत होते. आता कोल्हापुरात घडवलेल्या कॅमेऱ्यावर चित्रपट निघणार होता.

कॅमेरा झाला, तरी फिल्म, जागा आणि माणसे हवीत. पैसेवाल्यांनी हात आखडता घेतला, तेव्हा गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. राजर्षी शाहू महाराजांचा आश्रयही या धडपडीला लाभला. चित्रपटात काम करण्यास कुलीन म्हणवणाऱ्या घरांतील स्त्रिया तयार नसत. बाबूरावांनी स्त्रीभूमिका स्त्रियांनाच दिल्या. त्या अभिनेत्रींना समाजाने दूर लोटले आणि त्यांना स्टुडिओच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. घरी घडवलेल्या या कॅमेऱ्यामागे केवळ बाबूरावांची बुद्धी नव्हती. आनंदरावांचे अपुरे राहिलेले काम, दामल्यांची कारागिरी, तानीबाईंचा पैसा आणि या स्त्रियांनी सोसलेला बहिष्कार, हे सारे त्यात होते. चित्रपटाच्या इतिहासात एकट्या माणसाचे नाव मोठ्या अक्षरांत येते, म्हणून हे आवर्जून सांगावे लागते.

पुण्यातील यश

या कॅमेऱ्याने टिपलेला ‘सैरंध्री’ फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी देऊन गौरवले. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके भीषण वठले होते की प्रेक्षक हादरून गेले आणि पुढे ते कापावे लागले, असे सांगितले जाते. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’साठी त्यांनी केलेले पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट पोस्टरांत गणले जाते. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी पुराण आणि इतिहास बाजूला ठेवून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कहाणी मांडली. त्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते.

चित्रीकरणापूर्वी प्रसंगांची आणि पोशाखांची चित्रे काढून ठेवण्याची बाबूरावांची रीत होती. पडदे रंगवणाऱ्याची नजर त्यांनी कॅमेऱ्यामागेही सोडली नाही. त्यांच्या कंपनीत मुलांना सुतारकामापासून रसायनशाळेपर्यंत सारे करावे लागे. त्यामुळे ही कंपनी एक विद्यालयच बनली.

त्या विद्यालयातील विद्यार्थी मोठे झाले आणि बाहेर पडले. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने बोलपटांचे युग आणले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा काळ संपला. शिष्यांची कीर्ती देशभर पसरत असताना गुरू मात्र चित्र आणि शिल्प या आपल्या मूळ विद्यांकडे वळला. पुढे त्यांनी मोजके बोलपट केले. १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा, या वेळी बोलपट म्हणून काढला. १९४७ मध्ये शांतारामांच्या राजकमलसाठी ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटाच्या दिग्दर्शनात त्यांचा सहभाग होता. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मूकपटांपैकी फारच थोडे अवशेष आज शिल्लक आहेत. ज्या ‘सैरंध्री’साठी एवढा अट्टहास केला, तो आता पाहायला मिळत नाही. तरीही त्या कॅमेऱ्याभोवती घडलेली माणसे ‘प्रभात’च्या रूपाने पुढे गेली. यंत्रापेक्षा यंत्र घडवण्याची विद्या अधिक टिकली.

नजर आणि दक्षता

म्हणूनच भंगारातला रायटर उघडून बसलेल्या मुलाला घरच्यांनी वेडा ठरवण्याची घाई करू नये. मात्र एका बाबतीत त्याला मोकळे सोडूनही चालणार नाही. साधा लेसर पॉइंटर पाच मिलिवॅटच्या आत असतो, तर डीव्हीडी रायटरमधील डायोड शंभर मिलिवॅटच्याही पुढे जाऊ शकतो. असा किरण डोळ्यात गेला, काचेवरून परावर्तित होऊन गेला, तरी पापणी मिटण्याआधीच दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. त्याच पेटीत सीडीसाठी असणारा डायोड तर अवरक्त असतो; त्याचा किरण नीट दिसतही नाही, त्यामुळे धोका वाढतो. त्या तरंगलांबीसाठी बनवलेला संरक्षक चष्मा आणि जाणत्या शिक्षकाची देखरेख असल्याशिवाय हा प्रयोग करू नये. बाबूरावांची सारी कमाई त्यांच्या नजरेत होती. त्यांच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्याने आधी आपली नजर जपली पाहिजे.