दोन कट्टर स्पर्धक एका स्टेजवर आले आणि तीन महिन्यांच्या आत त्यातला एक कायमचा गेला

नांदगावसारख्या तालुक्याच्या गावात दोन जुन्या बँडवाल्यांनी एकत्र येऊन एक कार्यक्रम करायचं ठरवलं, तर गाणी कोणती घ्यायची यावर फारशी भांडणं होत नाहीत. भांडण होतं ते बॅनरवर नाव कुणाचं मोठं यावरून.

आता विचार करा, 1921 साली महाराष्ट्रातल्या दोन सगळ्यात मोठ्या नाटक कंपन्या एकत्र आल्या तेव्हा काय झालं असेल?

एका बाजूला बालगंधर्व. त्यांच्याबद्दल वेगळं सांगायची गरज नाही, 2011 च्या सिनेमाने ते घराघरात पोहोचले. दुसऱ्या बाजूला होते केशवराव भोसले. यांचं नाव कोल्हापूरकर सोडले तर आज फार कमी जणांना माहीत असतं.

केशवरावांचा जन्म 9 ऑगस्ट 1890 चा, कोल्हापूरचा. घरची परिस्थिती बेताची. खेळायच्या वयातच ते स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. शाळा अशी झालीच नाही, जे शिकले ते कंपनीत. देवलांच्या 'शारदा' नाटकातली शारदा त्यांनी पोरवयात अशी गाजवली की लोक त्यांच्या नावावर तिकीट काढायला लागले.

पण नाव पोराचं आणि कंपनी दुसऱ्याची. शेवटी 1 जानेवारी 1908 ला केशवरावांनी हुबळीत स्वतःची 'ललितकलादर्श' काढली. तेव्हा वय होतं फक्त 17. या वयात माणसं, बिऱ्हाड, पडदे, कपडे सगळं घेऊन गावोगाव फिरायचं आणि रात्री स्टेजवर नायिका म्हणून उभं राहायचं, हे सोपं काम नव्हतं.

गाण्यासाठी रामकृष्णबुवा वझ्यांसारखा कडक गुरू मिळाला. आवाज उंच, तान धारदार. बालगंधर्वांचं गाणं लाडिक आणि गोड, तर केशवरावांचं तडफेचं. त्यामुळे रसिकांचे सरळ दोन गट पडले होते. बालगंधर्वांना खाडिलकरांची नाटकं होती, तर केशवरावांनी मामा वरेरकरांना पुढे आणलं. हुंड्याच्या प्रश्नावरचं 'हाच मुलाचा बाप' ललितकलादर्शनेच केलं. रंगभूमीवर मखमली पडदा आणण्याचं श्रेयही केशवरावांनाच दिलं जातं.

अशात 1 ऑगस्ट 1920 ला लोकमान्य टिळक गेले. त्यांच्या नावाने गांधीजींनी टिळक स्वराज्य फंड सुरू केला. उद्दिष्ट होतं एक कोटी रुपयांचं. या फंडासाठी दोन्ही कंपन्यांनी मिळून नाटक करायचं ठरलं, 'संयुक्त मानापमान'.

इथे खरा धोका होता तो केशवरावांना. कारण 'मानापमान' हे बालगंधर्वांचं नाटक. 1911 साली त्यांनीच भामिनी पहिल्यांदा उभी केली होती, आणि तीही पोटची मुलगी त्याच दिवशी गेलेली असताना. दहा वर्षं लोकांच्या मनात बसलेल्या त्या भामिनीसमोर केशवरावांनी धैर्यधर म्हणून उभं राहायचं होतं. ज्या माणसाने नाव कमावलं नायिका होऊन, त्याला आता पुरुष पात्रात समोरच्याच्या मैदानावर गायचं होतं. पडले असते तर ललितकलादर्शलाही ते महागात गेलं असतं.

8 जुलै 1921, मुंबईचं बालीवाला थिएटर. पुढच्या रांगेच्या तिकिटाचा दर 100 रुपयांपर्यंत गेला होता. त्या काळात कित्येकांचा महिन्याचा पगारही तेवढा नसायचा. तरी थिएटर खच्चून भरलं. गल्ला 16 हजारांच्या घरात गेला.

जिंकलं कोण? यावर जुने रसिक आयुष्यभर वाद घालत राहिले. म्हणजे केशवराव कमी पडले नाहीत, एवढं तर नक्की. खरं तर त्या रात्रीनंतर त्यांची मागणी वाढायला हवी होती.

पण त्यांना विषमज्वराने गाठलं. 4 ऑक्टोबर 1921 ला, 31 व्या वर्षी केशवराव गेले. बालगंधर्व पुढे 1967 पर्यंत होते. त्यांच्या रेकॉर्ड, फोटो, आठवणी भरपूर मागे राहिल्या. तेवढा वेळ केशवरावांना मिळाला नाही. कंपनी मात्र बापूराव पेंढारकरांनी आणि नंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकरांनी चालवली.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1915 मध्ये बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचं नाव देण्यात आलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.