एका ग्रंथीचा पाठपुरावा

ज्यांचे नाव एखाद्या रोगाला चिकटते ते वैद्य बहुधा त्या रोगापुरतेच उरतात. हार्वे कुशिंग यांचेही काहीसे तसे झाले आहे. चेहरा वाटोळा होणे, पोट सुटून हातपाय मात्र काटकुळे राहणे, कातडीवर जांभळे पट्टे उठणे, हाडे ठिसूळ होणे, रक्तदाब व रक्तातील साखर वाढणे या लक्षणसमूहाला कुशिंग यांचे नाव आहे, हे वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. परंतु ज्या निबंधामुळे हे नाव रूढ झाले तो १९३२ साली, म्हणजे कुशिंग यांच्या वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी प्रसिद्ध झाला. आणि त्यामागे वाटाण्याएवढ्या एका ग्रंथीचा जवळजवळ पाव शतकाचा पाठपुरावा होता.

कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी झाला. वडील, आजोबा व पणजोबा तिघेही वैद्य. दहा भावंडांत हे सर्वांत धाकटे. येलची पदवी घेऊन ते हार्वर्डच्या वैद्यक विद्यालयात दाखल झाले. शस्त्रक्रियेच्या वेळी ईथरची भूल देण्याचे काम त्या काळी विद्यार्थ्यांवर सोपवीत आणि त्याचे शिक्षण जवळजवळ दिले जात नसे. कुशिंग यांनी भूल दिलेला एक रुग्ण मेजावरच दगावला. शल्यविशारदाला त्याचे फारसे काही वाटले नाही. विद्यार्थ्याच्या मनात मात्र हा व्यवसायच सोडून द्यावा असे आले. तो त्यांनी सोडला नाही. एमरी कॉडमन या सहाध्यायाच्या साथीने त्यांनी भूल दिलेल्या रुग्णाची नाडी व श्वास यांची दर थोड्या वेळाने नोंद करणारा तक्ता तयार केला. भूल देणारे डॉक्टर आज जो तक्ता भरतात त्याचे मूळ तेथे आहे. रुग्णाचे काय झाले हे स्मरणावर न सोडता कागदावर उतरवायचे, ही सवय त्यांना तेव्हा जडली ती अखेरपर्यंत सुटली नाही.

पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांच्या हाताखाली ते शस्त्रक्रिया शिकले. १९०० मध्ये ते युरोपात गेले. बर्नमध्ये कोखर यांच्याकडे आणि लिव्हरपूलमध्ये शेरिंग्टन यांच्याकडे त्यांनी काम केले, आणि १९०१ मध्ये इटलीतील पाव्हिया येथे रीवा-रोची यांचे रक्तदाब मोजण्याचे उपकरण पाहून ते अमेरिकेत आणले. परतल्यावर मेंदूची शस्त्रक्रिया हेच कार्य करण्याचा त्यांचा निश्चय झाला होता. ज्या काळी कवटी उघडलेला रुग्ण वाचला तर आश्चर्य वाटावे, त्या काळचा हा निश्चय आहे.

पीयूषिका, म्हणजे पिट्युइटरी, ही ग्रंथी मेंदूच्या तळाशी, खोगिरासारख्या आकाराच्या हाडाच्या खोबणीत दडलेली असते. मेंदूतील कफ हिच्या वाटे नाकात उतरतो, अशी प्राचीन वैद्यांची समजूत होती व तिचे पाश्चात्त्य नावही त्या समजुतीवरूनच पडले आहे. १८८६ मध्ये पिएर मारी यांनी हात, पाय व जबडा बेसुमार वाढणाऱ्या ‘अ‍ॅक्रोमेगली’ या विकाराचे वर्णन केले आणि अशा रुग्णांची पीयूषिका ग्रंथी पुष्कळदा वाढलेली आढळू लागली. परंतु ही ग्रंथी बिघडून काम करीनाशी झाल्यामुळे रोग होतो की तिचे काम अतोनात वाढल्यामुळे, याविषयी वाद होता. हा वाद तात्त्विक नव्हता. पहिले खरे असेल तर गाठ कापून काढण्यात अपाय होता, दुसरे खरे असेल तर तोच उपाय होता.

कुशिंग यांनी दोन वाटांनी उत्तर शोधले. बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांची ही ग्रंथी काढून पाहिली. ती अंशतः काढली की प्राणी लठ्ठ होत आणि त्यांची जननेंद्रिये खुरटत. पूर्ण काढली तर ते मरत. (पूर्ण काढल्यास मरण अटळ, हा निष्कर्ष पुढे इतरांनी खोटा ठरविला.) दुसरी वाट रुग्णांची. इन्सब्रुक येथे श्लोफर यांनी १९०७ मध्ये नाकाच्या वाटेने या ग्रंथीवर शस्त्रक्रिया केली होती. १९०९ मध्ये कुशिंग यांनी अ‍ॅक्रोमेगलीच्या एका शेतकऱ्याच्या ग्रंथीचा भाग काढला आणि त्याची लक्षणे ओसरली. रोग अतिस्रावाचा आहे, असा कौल मिळाला. या ग्रंथीच्या विकारांवरील त्यांचा ग्रंथ १९१२ मध्ये निघाला, आणि अतिस्राव व न्यूनस्राव अशी जी विभागणी त्यांनी केली तिच्यावर आजही या शाखेची मांडणी उभी आहे. त्या ग्रंथात तेवीस वर्षांच्या एका तरुणीची हकीकत आहे. अंग फुगलेले, पाळी थांबलेली, चेहऱ्यावर लव, पोटावर जांभळे पट्टे. अनेक ग्रंथींचा बिघाड एवढेच तेव्हा त्यांना म्हणता आले. प्रकरण त्यांनी बंद केले नाही, एवढे महत्त्वाचे.

या ध्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सर्कशीतील एक अतिउंच इसम मरण पावला तेव्हा त्याच्या कुटुंबाचा विरोध असताना कुशिंग यांच्या सहायकांनी अंत्यविधी करणाऱ्याला पैसे देऊन त्याची ग्रंथी गुपचूप काढून आणली. ज्ञानाच्या नावाखाली झालेली ही चोरीच होय. हाताखालच्या माणसांशी त्यांचे वागणे कठोर असे. वॉल्टर डँडी या बुद्धिमान शिष्याशी तर त्यांचे कायमचे वैर झाले. जून १९२६ मध्ये थोरला मुलगा मोटार अपघातात गेल्याची बातमी आली त्या सकाळीही ठरलेली शस्त्रक्रिया त्यांनी पार पाडली. याला कर्तव्यनिष्ठा म्हणावे की आणखी काही, हे ज्याने त्याने ठरवावे. त्याच वर्षी त्यांनी लिहिलेल्या ऑस्लर यांच्या द्विखंडी चरित्राला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

१९१२ मध्ये ते बॉस्टनला आले आणि पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात दोन दशके राहिले. वरच्या ओठाखाली छेद घेऊन नाकाच्या मागील हाडातून ग्रंथीपर्यंत जाण्याची पद्धती त्यांनी घोटून घोटून सिद्ध केली. १९१० ते १९२५ या काळात अशा २३१ शस्त्रक्रिया त्यांनी केल्या व त्यांत मृत्यूचे प्रमाण ५.६ टक्के होते. प्रतिजैविके नव्हती, संप्रेरकांची औषधे नव्हती. अशा वेळी हा आकडा विस्मयकारक आहे. लुईझ आयझेनहार्ट या त्यांच्याकडे लेखनसाहाय्यक म्हणून आल्या आणि स्वतः वैद्यक शिकून विकृतितज्ज्ञ झाल्या. प्रत्येक गाठीचा व तिच्या रुग्णाचा हिशेब त्यांच्या वहीत असे. एवढे करून १९२९ च्या सुमारास कुशिंग यांनी नाकाची वाट सोडली. कवटी उघडून वरून गेल्यास दृष्टीच्या मज्जातंतूंवरील दाब अधिक चांगला काढता येतो, असे त्यांचे मत झाले. गुरूने सोडलेली वाट बहुतेक जगाने सोडली. एडिंबरोच्या नॉर्मन डॉट या शिष्याने मात्र ती चालू ठेवली, त्यांच्याकडून ती पॅरिसच्या गियो यांनी उचलली आणि गियो यांच्याकडून माँट्रियलच्या ज्यूल्स हार्डी यांनी.

१९३२ च्या निबंधात कुशिंग यांनी बारा रुग्ण एकत्र मांडले. काही स्वतःचे, काही इतरांनी प्रसिद्ध केलेले. पीयूषिकेतील अगदी बारीक गाठ हे या विकाराचे मूळ, असे त्यांचे प्रतिपादन. यावर टीका झाली आणि ती निराधार नव्हती. बाराही जणांत गाठ दाखविता आली नव्हती. अधिवृक्क, म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथींच्या गाठीमुळे हीच लक्षणे होतात हेही दिसत होते. ज्या तरुणीपासून विचाराला आरंभ झाला तिचा रोगही कदाचित अधिवृक्क ग्रंथींचाच असावा, असा तर्क पुढे एका संशोधकाने मांडला आहे.

तरी मूळ सूत्र टिकले. पीयूषिकेतील एक संप्रेरक अधिवृक्क ग्रंथींना चालना देते, हे नंतर स्पष्ट झाले. १९४८ पासून संधिवातावर कॉर्टिसोन देऊ लागले तेव्हा औषध घेणाऱ्यांचे चेहरे तसेच वाटोळे झालेले डॉक्टरांनी पाहिले. आज या लक्षणसमूहाचे सर्वांत मोठे कारण स्टेरॉइड औषधे हेच आहे, आणि आपल्याकडे ती चिठ्ठीवाचून मिळवून महिनोन्‌महिने घेणारे कमी नाहीत. उपचार म्हणून दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढून टाकलेल्या काही रुग्णांत पुढे पीयूषिकेची गाठ झपाट्याने वाढते, हे नेल्सन यांनी १९५८ मध्ये दाखविले. साठीच्या दशकात हार्डी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली, नाकाच्याच वाटेने, काही मिलिमीटरची गाठ नेमकी उचलली आणि उरलेली ग्रंथी शाबूत ठेवली. रुग्ण बरे झाले.

हे पाहायला कुशिंग नव्हते. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यू हेवन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्याच मेंदूत एक लहानशी गाठ आढळली. तिने त्यांना कधी त्रास दिला नव्हता. त्यांनी जमविलेले मेंदूचे नमुने व रुग्णांची छायाचित्रे येलच्या तळघरात कित्येक वर्षे पडून होती. २०१० मध्ये त्यांचे संग्रहालय झाले.

कुशिंगच्या रोगाचे निदान आजही सोपे नाही. अनेक रुग्णांची गाठ एमआरआयमध्येही दिसत नाही. मग कवटीच्या तळाशी असलेल्या दोन्ही बाजूंच्या शिरांपर्यंत नळी नेऊन तेथील रक्त तपासावे लागते. गाठ निघाली तरी निजलेल्या अधिवृक्क ग्रंथी जाग्या होईपर्यंत रुग्णाला कित्येक महिने हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्यांवर राहावे लागते.