इल्या मेचनिकॉव्ह

इल्या इलिच मेचनिकॉव्ह (मे १८४५ – जुलै १९१६) हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी त्यांना १९०८ साली पाउल एर्लिख यांच्यासमवेत वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आहारामुळे आतड्यांतील सूक्ष्मजीवांचे बलाबल बदलू शकते, हा विचार शास्त्रीय चर्चेत रुजविणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते.

जीवन

मेचनिकॉव्ह यांचा जन्म आजच्या युक्रेनमधील खार्किव शहराजवळच्या एका खेड्यात झाला. खार्किव विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पूर्ण केला. १८७३ मध्ये पहिली पत्नी ल्युदमिला यांचे क्षयरोगाने निधन झाले. त्या दुःखात मेचनिकॉव्ह यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. परंतु ते वाचले. १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले, तेव्हा शरीरातील फिरत्या पेशी काट्यांभोवती गोळा झाल्या. या निरीक्षणातून भक्षक पेशींचा सिद्धान्त उदयास आला. १८८८ पासून अखेरपर्यंत ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कार्यरत होते.

आहार व आतड्यांतील सूक्ष्मजीव

उत्तरायुष्यात वार्धक्य हा त्यांच्या चिंतनाचा मुख्य विषय बनला. मोठ्या आतड्यात अन्न कुजविणारे जीवाणू विषारी द्रव्ये निर्माण करतात व त्यांमुळे वार्धक्य अकाली येते, असे त्यांचे मत होते. विरजलेल्या दुधात दुग्धशर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार होते आणि त्या आम्लतेत कुजविणाऱ्या जीवाणूंची वाढ खुंटते. हीच क्रिया आतड्यात घडवून आणता येईल, असा त्यांचा तर्क होता. बल्गेरियातील दह्यात स्तामेन ग्रिगोरॉव्ह यांनी १९०५ साली शोधलेला जीवाणू त्यांना यासाठी उपयुक्त वाटला. दीर्घायुष्यावरील त्यांचा ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. ते स्वतः अनेक वर्षे आंबवलेले दूध नियमित घेत असत. वयाच्या ७१ व्या वर्षी हृदयविकाराने पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

दह्यातील तो जीवाणू मानवी आतड्यात कायमचा वस्ती करत नाही, असे पुढील संशोधनात दिसून आले. मोठे आतडे निरुपयोगी आहे, हे त्यांचे मतही टिकले नाही. तेथील जीवाणू आहारातील तंतुमय पदार्थ आंबवून ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्ले तयार करतात; ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तरातील पेशींना ऊर्जा पुरविते. एका जीवाणूने सोडलेले द्रव्य दुसऱ्याचे अन्न ठरते, तर वाढलेली आम्लता तिसऱ्याला रोखते. त्यामुळे मेचनिकॉव्ह यांचा उपाय अपुरा ठरला, तरी आहार बदलून हा समतोल हितकारक करता येईल का, हा त्यांचा प्रश्न आजच्या संशोधनातही केंद्रस्थानी आहे.