आजचे चिंतन : माप एकच हवं



आज सकाळी वाचनाला ‘योगसंग्राम’ घेतला. आपल्या बीड जिल्ह्यातल्या संताचा हा ग्रंथ. शेख महंमदबाबा मूळचे आष्टी तालुक्यातल्या वाहिऱ्याचे, मुसलमान घरात जन्मलेले. त्यांचे गुरू चांद बोधले. एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दनस्वामी, तेही चांद बोधल्यांचेच शिष्य, असं परंपरा सांगते. म्हणजे नाथ आणि बाबा एकाच गुरुघराण्यातले! पुढे शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांनी बाबांना श्रीगोंद्याला नेलं, मठ बांधून दिला, असं सांगतात. बाबांची समाधी तिथंच आहे.

१६४५ साली बाबांनी हा ग्रंथ पुरा केला. १८ प्रसंग, सगळे मराठी ओवीत. नाव संग्राम, पण लढाई शेजाऱ्याशी नाही. ती स्वतःच्या मनाशी, काम-क्रोधाशी, अहंकाराशी. बाबांनी हरिभक्ती केली, पण जन्माचं नाव टाकलं नाही. देवाच्या नावानं जीव मारणाऱ्यांना त्यांनी सुनावलं. ढोंगी गुरूंना सोडलं नाही, तसंच ढोंगी फकिरांनाही नाही. दोन्हीकडं माप एकच लावलं, माणूस वागतो कसा?

हे वाचताना माझीच मान खाली गेली. परवा गावात सप्ताहाची बैठक होती. आमच्या एका मुसलमान शेजाऱ्यानं दरवर्षीसारखं एका पंगतीचं धान्य देऊ केलं. कुणीतरी म्हणालं, यंदा नको. मी गप्प बसलो. त्याच शेजाऱ्याच्या वडिलांनी माझ्या आजारी वडिलांना रात्री गाडी जुंपून दवाखान्यात नेलं होतं. हे मला तेव्हा आठवलं नाही असं नाही. आठवलं, तरी गप्प बसलो. वर घरी येऊन मनाची समजूत घातली, आपला धर्म कसा थोर. तोलताना एका पारड्यात आपले संत ठेवले आणि दुसऱ्यात त्यांच्यातले वाईट लोक. असा तराजू बाजारात कुणी धरला तर आपण त्याला लबाड म्हणतो ना?

धर्म वेगळे आहेत, उपासना वेगळ्या आहेत, ते राहू द्या. पण उपकार विसरू नये, भुकेल्याला घास द्यावा, हे कोणत्या धर्मात सांगितलेलं नाही?

आज संध्याकाळी त्याच्या घरी जाणार आहे, धान्य मागायला. नंतर बैठकीतही बोलेन. चार जण रागावतील, रागावू देत. माझ्या वाट्याचा संग्राम एवढाच आहे.

बाबा, बळ द्या.

राम कृष्ण हरी.