टाकाऊ पायांचे मोल

मोठे जनावर पाडले, की मांसासाठी आलेला शिकारी आधी त्याचे गुडघ्याखालचे पाय कापून टाकतो. तिथे मांस नसतेच. कातडे, दोरीसारख्या कंडरा आणि हाड. हरणासारख्या जनावराच्या सांध्यात सुरीचे टोक नेमके घातले, तर करवतही लागत नाही.

बँकेत माझी उभी हयात जमाखर्च तपासण्यात गेली. त्यामुळे कोणी काय टाकले आणि कोणी काय राखले, याकडे माझे लक्ष आधी जाते. हे टाकाऊ पाय जिवापाड राखणारा एक अमेरिकन होऊन गेला. त्याचे नाव कार्ल एक्ली.

1864 साली न्यूयॉर्क राज्यातल्या शेतकरी घरात तो जन्मला. संग्रहालयांसाठी मेलेले प्राणी उभे करण्याचा धंदा त्याने तरुणपणीच धरला. 1885 साली रेल्वेच्या धडकेने मेलेल्या सर्कशीतल्या जंबो हत्तीला उभे करण्यातही त्याचा हात होता. त्या काळी कातड्यात गवत नि चिंध्या ठासून भरत. प्राणी कसला, गादीच ती! एक्लीने ती रीत मोडली. हाडांच्या आधारावर मातीचे स्नायू घडवायचे, त्यावरून साचा काढून पोकळ, हलके शरीर करायचे आणि मग कातडे चढवायचे. प्राणी जमिनीवर भार कसा टाकतो, हे पायच सांगतात. म्हणून आफ्रिकेच्या उन्हात, कातडे सडायच्या आत, तो मापे घेई, शिवण दिसू नये म्हणून पायाच्या आतल्या बाजूने चीर देई, हाडे जपून ठेवी आणि कातड्याला मीठ चोळी.

1910 साली माउंट केनियाच्या उतारावर एका हत्तीने त्याला चिरडले. बरगड्या मोडल्या, गाल फाटला. अंथरुणावर पडल्यापडल्या त्याने आफ्रिकेच्या प्राण्यांचे एक भव्य दालन मनात रचले.

त्याच दालनासाठी 1921 मध्ये तो विरुंगाच्या डोंगरात गोरिला आणायला गेला. पाच गोरिला मिळाले. मेलेल्या गोरिलांच्या चेहऱ्यांचे साचे घेताना मात्र आपण खून केल्याची बोच त्याला लागली. पुढे त्याने बेल्जियमचे राजे अल्बर्ट यांच्यामागे लकडा लावला आणि 1925 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. 1926 मध्ये तो पुन्हा तिकडे गेला आणि मिकेनो डोंगरावर आजारपणात वारला. त्याला तिथेच पुरले.

दालन 1936 साली उघडले. पहाडी गोरिलांची संख्या 2018 पर्यंत हजारावर गेली. मारलेले पाच आणि वाचलेले हजार ही वजाबाकी मात्र मला करवत नाही. ज्याच्या हातात सुरी होती, त्यालाही ती जमली नसावी. नाहीतर राजाचे दार ठोठावायला तो गेला नसता.

न्यूयॉर्कला मुलानातवंडांकडे जाणारे आपल्यातले कितीतरी जण ते संग्रहालय पाहून येतात. एक्लीच्या नावाच्या दालनात मधोमध आठ हत्ती उभे आहेत. सोंडा, सुळे तर सगळेच पाहतात. तुम्ही जरा वाकून त्यांचे पाय पाहा.