काचेवरची चमक घालवणाऱ्या कॅथरीन ब्लॉजेट

फोन उन्हात धरला की स्क्रीनवर मेसेजऐवजी आपलाच चेहरा दिसतो ना? साध्या काचेच्या प्रत्येक बाजूवरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो, त्याचा हा त्रास. तो उजेड जवळपास शून्यावर आणून दाखवणाऱ्या एका शास्त्रज्ञ बाईंची गोष्ट आज सांगतो. आपल्या चष्म्यावर त्यांचाच लेप असतो, असं बऱ्याचदा वाचायला मिळतं. तसं नाहीये. आणि का नाही, हेच मला जास्त शिकण्यासारखं वाटतं.

कॅथरीन ब्लॉजेट यांचा जन्म १० जानेवारी १८९८ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, स्केनेक्टडी इथे. वडील जनरल इलेक्ट्रिकमध्ये पेटंटचे वकील. मुलगी जन्मायच्या आधीच घरात शिरलेल्या चोराच्या गोळीने ते गेले. कॅथरीन पुढे ब्रिन मॉर कॉलेजात आणि शिकागोला शिकल्या, आणि १९१८ मध्ये वडिलांच्याच कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत लागल्या. तिथल्या त्या पहिल्या महिला शास्त्रज्ञ. १९२६ मध्ये केंब्रिजची भौतिकशास्त्रातली पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या महिलाही त्याच.

प्रयोगशाळेत त्यांचे वरिष्ठ होते आयर्विंग लँगम्यूर, ज्यांना १९३२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पाण्यावर तेलकट पदार्थ पसरला की फक्त एका रेणूच्या जाडीचा थर होतो, यावर त्यांचं काम होतं. ब्लॉजेट यांनी तो थर पाण्यावरून उचलून काचेवर चढवला. काच पाण्यात बुडवायची, वर काढायची, पुन्हा बुडवायची. असं करत थरावर थर चढतात. थर वाढले की काचेवरचा रंग बदलतो. म्हणून त्यांनी पायरीपायरीने जाडी वाढवलेली रंगपट्टी केली. रंग बघा, जाडी ओळखा!

१९३८ मध्ये त्यांनी काचेवर बेरियम स्टिअरेटचे ४४ थर दिले. एकूण जाडी प्रकाशाच्या लहरीच्या साधारण पाव भागाइतकी. मग लेपाच्या वरून परतणारी लहर आणि खालून परतणारी लहर एकमेकींना मारून टाकतात. पण त्यासाठी दोन्ही लहरींचा जोर सारखा हवा. म्हणून थरातला काही भाग विरघळवून काढायचा आणि लेप आतून पोकळ करायचा, ही युक्तीही त्यांचीच. १ टक्क्याहून कमी उजेड परतवणारी काच तयार झाली.

आता अडचण. हा लेप बोटाने पुसला जायचा! रेणू काचेवर नुसते टेकलेले होते, काचेशी किंवा एकमेकांशी पक्के जोडलेले नव्हते. त्यामुळे चष्म्यांवर आणि कॅमेऱ्यांवर जागा मिळाली ती निर्वात पेटीत चढवलेल्या मॅग्नेशियम फ्लोराइडसारख्या कडक लेपांना.

पुढच्या संशोधकांनी नेमका हाच धागा पकडला. पॉलिमरच्या लांब साखळ्यांचं एक टोक रासायनिक बंधाने काचेला बांधायचं, मग अतिनील प्रकाश टाकून साखळ्या एकमेकींत गुंतवायच्या. प्रकाश जास्त, तर गुंता जास्त आणि लेप जास्त कडक. प्रकाश पडत असताना वरचं झाकण हळूहळू सरकवलं, तर एकाच काचेवर एका टोकाला मऊ आणि दुसऱ्या टोकाला कडक लेप मिळतो. याचा उपयोग? मऊ आणि कडक भाग एकदम भेटतात तिथे ताण साचतो आणि लेप सुटू शकतो. बदल हळूहळू झाला की ताण पसरतो. शिवाय शरीरातल्या काही पेशी मऊ भागाकडून कडक भागाकडे सरकतात, तेही अशा लेपांवर तपासता येतं. ब्लॉजेट यांच्या पट्टीवर जाडी बदलत जायची, इथे कडकपणा बदलत जातो.

ब्लॉजेट १९६३ मध्ये निवृत्त झाल्या आणि १२ ऑक्टोबर १९७९ रोजी स्केनेक्टडीतच वारल्या. लेप पुसला गेला, पद्धत टिकली. एकेक रेणूचा थर चढवायच्या या पद्धतीला आजही लँगम्यूर-ब्लॉजेट हेच नाव आहे.

आज ट्यूबलाइटखाली फोनच्या मागचा कॅमेरा थोडा तिरका धरून बघा. काचेत जांभळट किंवा हिरवट झाक दिसली, तर तिथेही पातळ लेपाचा हाच खेळ चालू आहे. फक्त तो लेप पुसून जात नाही.