रेव्हरंड ना. वा. टिळक

कारखान्यांच्या पिंपरी-चिंचवडशेजारी, इंद्रायणीकाठी तुकोबांचे देहू आहे. तिकडे गेलो की मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. त्यांचा जन्म १८६१ साली कोकणात झाला. आगगाडीत एका परक्या प्रवाशाने दिलेला नवा करार वाचताना, वैऱ्यावरही प्रेम करा असे शिकवणाऱ्या गिरिप्रवचनाने ते भारावले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या प्रेमाची किंमत जबर होती. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी मात्र तुकोबांना सोडले नाही. ख्रिस्तालाही अभंगांतूनच आळवले. १९१९ साली ते निवर्तले. तारण भयाने नव्हे, ईश्वराच्या प्रेमाने लाभते, ही त्यांची श्रद्धा मला देहूच्या भक्तीहून परकी वाटत नाही.